लंगडणाऱ्या कुत्र्याला पुन्हा चालतं करताना : फरशी, पंचा आणि दीड फूट पाणी

आम्ही नागपूरचे, आणि बर्फी आमची लॅब्रेडॉर. तेव्हा नऊ वर्षांची, ३४ किलोची, आणि त्यातले निदान सहा किलो आईने प्रेमाने चढवलेले. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सकाळी ती गेटपाशी तीन पायांवर उभी दिसली. मागच्या उजव्या पायाची फक्त नखं जमिनीला लागत होती. शेजारच्या काकांनी कुंपणावरूनच इलाज सांगितला, "फुटाळा तलावावर न्या ना तिले. पाण्यात सोडली का मोकळी होते बाप्पा."

काका निम्मे बरोबर होते. पाण्याचा उपयोग होतो, चांगलाच होतो. पण पाण्याची पाळी आमच्याकडे अडीच महिन्यांनी आली, आणि त्याआधी जे केलं त्याच्या जोरावरच ती पाण्यात उभी राहू शकली. अपघातात पाय मोडलेला देशी कुत्रा असो, शस्त्रक्रिया झालेला लॅब असो की थंडीत उठता-बसता कण्हणारी म्हातारी पामेरियन, घरी नव्याने हे काम अंगावर घेणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितो आहे. क्रम मात्र मोडू नका.

आधी रोगाचं नाव कळू द्या

लंगडणं हा रोग नव्हे. त्यामागे गुडघ्यातलं लिगामेंट (हाडांना जोडून धरणारा पट्टा) तुटलेलं असू शकतं, खुब्याचा सांधा जन्मापासून सैल असू शकतो, पाठीच्या मणक्यातली चकती सरकलेली असू शकते. आपल्याकडे गोचिडांचा सुळसुळाट असतो, त्या गोचिडतापानेही सांधे सुजतात. मोठ्या जातींत हाडाचा कर्करोगही असाच, साध्या लंगडण्याने सुरू होतो. यातल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा. मणक्याच्या कुत्र्याला चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती लागते. खुब्याच्या कुत्र्याला तेवढे दिवस बसवून ठेवलं तर आहे तो स्नायूही झडतो. म्हणून डॉक्टरांनी हात लावून तपासल्याशिवाय आणि एक्स-रे निघाल्याशिवाय मालिश नाही, व्यायाम नाही, पाणी तर नाहीच.

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून सुरुवात करा. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं चिकित्सालय आहे. महाविद्यालय १९५८ पासूनचं, आणि २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा तो भाग. शिकवण्याचं ठिकाण असल्यामुळे वेळ हातात ठेवून जा, आणि कुत्र्याला पट्टा व मुस्कं दोन्ही असू द्या.

जाण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा : मागून चालताना, बाजूने चालताना, बसल्याचं उठताना. दवाखान्यात भीतीपोटी कुत्री दुखणं लपवतात. घरी तीन पायांवर उड्या मारणारी बर्फी टेबलाजवळ चारही पाय टेकून शहाण्यासारखी उभी राहिली आणि आम्हीच खोटे पडलो.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून लिहून घ्या. काय झालं आहे, काय करायचं नाही, आणि पायावर पूर्ण वजन कधीपासून चालेल. मधल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं.

एक अपवाद मात्र लक्षात असू द्या. कुत्रा अचानक मागचे दोन्ही पाय ओढायला लागला, त्याला लघवी होईना, किंवा मागच्या बोटाला जोरात चिमटा काढूनही त्याने वळून पाहिलं नाही, तर व्हिडिओ-बिडिओ काही नको. त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला दवाखाना गाठा.

आणि घरातल्या डब्यातली गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसांची औषधं कुत्र्याच्या पोटात जखमा करतात, मूत्रपिंड बिघडवतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. (डायक्लोफेनॅकची गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी. हे औषध दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं संपत आली, म्हणून २००६ मध्ये त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर देशात बंदी आली.) दुखण्याची गोळी डॉक्टर देतील ती, तेवढी, जेवणानंतर. ती चुकवूही नका, कारण दुखत असताना व्यायाम होत नाही.

घराची फरशी

बर्फीच्या त्या पायाची शस्त्रक्रिया जानेवारीत झाली. घरी आणल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कळलं की आमचा खरा शत्रू म्हणजे आमची गुळगुळीत फरशी. ती उठायची, मागचे पाय दोन दिशांना फाकायचे, की धप्पकन खाली. निरोगी कुत्रं हे चालवून घेतं. दुखऱ्या सांध्याला मात्र अशी प्रत्येक घसरण म्हणजे नवी दुखापत.

कुत्रा जिथून जिथे जातो तिथवर पायवाट अंथरा : झोपायची जागा, पाण्याचं भांडं, अंगणाचं दार. रबरी मॅट उत्तम, योगा मॅट चालते, काथ्याचं पायपुसणंही चालतं, फक्त खालून सरकायला नको. सतरंजी नुसती टाकली तर ती कुत्र्यासकट सरकते. पंजाच्या गाद्यांमधले केस कापा आणि नखं वाढू देऊ नका. लांब नखांनी पंजा मागे कलतो आणि सगळं चालणंच बिघडतं. हे दोन उपाय जवळजवळ फुकट आहेत, आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत त्यांचा फरक त्याच दिवशी दिसतो.

झोपायला जाड, पण अंग रुतून बसणार नाही अशी गादी हवी. आम्ही जुन्या गादीवर दोन गोधड्या टाकल्या. जिन्याला आडवी फळी, सोफ्यावर बंदी, गाडीत चढायला उतरती फळी. जेवणाचं भांडं छातीपर्यंत उचलून ठेवलं की मानेचा आणि पुढच्या पायांचा त्रास कमी होतो.

आणि पंचा. बाजारात पोटाखालून घालायचे तयार पट्टे मिळतात, पण सुती पंचा किंवा आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा तेच काम करतो. चौपदरी घडी करायची, पोटाखालून मागच्या पायांच्या अगदी पुढे घ्यायची, आणि दोन्ही टोकं पाठीवर एकत्र धरायची. कुत्र्याला उचलायचं नसतं. तो चालत असतो, तुम्ही फक्त पडण्याच्या क्षणी भार घेता. नर असेल तर घडी थोडी पुढे सरकवा, नाहीतर लघवी अडते आणि पंचा भिजतो. आपली पाठ वाकवून चालू नका. टोकं लांब ठेवा. पहिल्या आठवड्यात माझी कंबर धरली आणि घरात लंगडणारे दोघं झाले.

पोळी मोजा

या भागावर आईशी माझं भांडण झालं. "एवढीशी तर पोळी देते मी तिला," ती म्हणायची. एवढीशी पोळी, तुपाचं बोट फिरवलेली, दिवसातून पाच वेळा.

वजनाबद्दलचा पुरावा पक्का आहे. ४८ लॅब्रेडॉरांच्या जोड्या लावून एक अभ्यास झाला होता. जोडीतल्या एकाला जन्मभर दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. ती सडपातळ कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा लागली. आधीच जाड असलेल्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्यांचं वजन सहा-सात टक्के उतरलं तरी लंगडणं कमी झालेलं मोजता आलं आहे. ३४ किलोच्या कुत्र्याला सहा टक्के म्हणजे दोन किलो. दोन महिन्यांत आरामात होतं.

हात फिरवून बघा. बरगड्या न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. दिवसभराचं खाणं सकाळीच मोजून एका डब्यात काढा. व्यायामाच्या वेळचं बक्षीस त्याच डब्यातून द्यायचं, किंवा काकडी-गाजराचे तुकडे द्यायचे. संत्र्याची बी काढलेली एखादी फोड चालते. द्राक्षं आणि मनुका मात्र कुत्र्यांना विषारी, देवाच्या प्रसादातलाही दाणा नको. आईला मी डबा दाखवला आणि म्हटलं, यातून तू तुझ्या हाताने दे. भांडण तिथे मिटलं. तिला पोळी द्यायची नव्हती, तिला द्यायचं होतं.

शेक आणि हात

शस्त्रक्रियेनंतर किंवा ताज्या दुखापतीनंतर पहिले दोन-तीन दिवस थंड शेक. बर्फ फडक्यात गुंडाळून, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. गरम शेक त्यानंतर, सूज उतरल्यावर. जुन्या संधिवाताला तर पहिल्यापासून गरमच. पिशवी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला मिनिटभर धरून पाहा.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी करतात. जुवाने धरलेल्या खांद्याला हळद-तूप चोळून शेक द्यायचा, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. वर्षभर राबलेल्या स्नायूला ऊब आणि हात लागला की तो सुटतो, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागलं नाही. कुत्र्याला मात्र तेल-तूप चोळू नका, तो ते चाटतो. आपला डोकेदुखीचा बाम तर अजिबात नको. त्यातला कापूर आणि तो झोंबणारा तेलकट अर्क त्याच्या पोटात गेला तर विषबाधा होते. कोरडे हात पुरतात.

शेक झाला की सांधे हलवायचे. फिजिओथेरपीतला हा भाग डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा आणि मगच घरी सुरू करा. कुत्र्याला कुशीवर निजवा, दुखरा पाय वर. तुम्ही त्याच्या पाठीमागे बसा. एक तळहात मांडीखाली, दुसरा नडगीखाली. पाय हवेत लोंबकळता नको, जमिनीला समांतर हवा. आता सायकल चालवल्यासारखा तो हळूच वाकवा, मग हळूच मागे सरळ करा. बोटांपासून खुब्यापर्यंत सगळे सांधे एका लयीत हलतात. १० ते १५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा.

नजर पायावर ठेवू नका, तोंडावर ठेवा. कान मागे जातात, जीभ ओठांवरून फिरते, मान तुमच्या हाताकडे वळते. यातलं काहीही झालं की थांबायची जागा आली. बर्फी कधी कण्हली नाही, पण पाय एका ठरावीक जागी आला की तिचा श्वास अडायचा. तिथून अर्धा इंच मागे यायचं आणि परत फिरायचं. तीन आठवड्यांत ती जागा आपोआप पुढे सरकली. जोर लावून कधीच सरकली नसती.

लेझर, विजेच्या सौम्य झटक्यांचं यंत्र, अल्ट्रासाउंड, हे कोणी सुचवलं तर डॉक्टरांना विचारून घ्या. त्याने दुखणं कमी होऊ शकतं. स्नायू मात्र चालूनच भरतो.

उभं राहणं, बसणं, चालणं

सुरुवातीचा व्यायाम हास्यास्पद वाटावा इतका लहान असतो. मॅटवर चारही पायांवर नुसतं उभं राहायचं, अर्धं मिनिट. मग कमरेला बोटांनी हलकेच एका बाजूला ढकलायचं, म्हणजे दुखऱ्या पायावर क्षणभर वजन येतं. परत सोडायचं. पाच-सहा वेळा झालं की बस.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर ऊठ-बस. कुत्र्याला भिंतीला लागून उभं करा, दुखरी बाजू भिंतीकडे, म्हणजे पाय बाहेर फाकून बसायची पळवाट बंद होते. गाजराचा तुकडा नाकासमोरून वर न्या, बसेल. पुढे न्या, उठेल. पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. ढुंगण धपकन आपटलं की ती मोजायची नाही.

त्यानंतर दांड्या. झाडूचे दांडे किंवा पीव्हीसीचे पाइप अंगणात आडवे टाकायचे, दोन दांड्यांत साधारण कुत्र्याच्या उंचीएवढं अंतर. पट्टा आखूड धरून, अगदी सावकाश, त्यावरून चालवायचं. सावकाश हे महत्त्वाचं. घाईत कुत्रा तीन पायांवर उडी मारून जातो आणि आजारी पाय उचलूनच धरतो. सावकाश चालला की तोही टेकावा लागतो.

फिरणं पाच मिनिटांपासून, पट्ट्यावरच. गुडघ्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हाड आणि सांधा भरायला साधारण ८ ते १२ आठवडे जातात. तोवर पळणं, उड्या, दुसऱ्या कुत्र्याशी कुस्ती सगळं बंद. मोजमाप सोपं आहे. आज जे केलं त्याने उद्या सकाळी जास्त लंगडला तर ते जास्त झालं. निम्म्यावर या.

माझीच चूक सांगतो. पाचव्या आठवड्यात बर्फी एकदम छान चालायला लागली. रविवार होता, हवा गार होती, सेमिनरी हिल्सच्या चढावर नेलं. मला फोटो काढायचे होते, तिला उंडारायचं होतं. पंधरा मिनिटं सांगितली होती, पाऊण तास झाला. रात्रीपर्यंत ठीक. सोमवारी सकाळी पुन्हा तीन पाय. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. नशीब, आतलं काही हललं नव्हतं, पण दहा दिवस मागे गेलो. या कामात वाईट दिवस आपण सांभाळतोच. चांगल्या दिवशीच घात होतो.

शिंप्याची टेप घ्या आणि दर रविवारी दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. कुत्रा उभा असताना, दरवेळी त्याच उंचीवर. बर्फीची उजवी मांडी सुरुवातीला डावीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर बारीक होती. कॅलेंडरवर लिहिलेले ते आकडेच पुढे डॉक्टरांच्या कामी आले.

आता पाणी

टाके निघून जखम पूर्ण सुकल्याशिवाय पाण्याचं नाव काढायचं नाही. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, पण पाण्याची परवानगी दुखापतीवर ठरते. आम्हाला ती फेब्रुवारीच्या शेवटी मिळाली. हृदयाचा आजार, ताप, जुलाब, कानात पू, अंगावर खरूज, फिट येणं यातलं काही असेल तर पाणी नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना पाण्यात लवकर दम लागतो, त्यांच्या बाबतीत दुप्पट जपून.

पाणी करतं काय? वजन उचलतं, आणि किती उचलतं हे खोलीवर ठरतं. कुत्र्यांवर हे मोजलेलं आहे. पाणी घोट्यापर्यंत असेल तर पायांवर ९१ टक्के वजन राहतं, गुडघ्यापर्यंत ८५ टक्के, आणि खुब्यापर्यंत फक्त ३८ टक्के. बर्फीच्या ३४ किलोंचा हिशेब केला तर घोट्याशी ३१, गुडघ्याशी २९ आणि खुब्याशी १३ किलो. लहान मुलांच्या हवा भरलेल्या टबात गुडघाभर पाणी घालून "हायड्रोथेरपी" केली तर वजनाच्या दृष्टीने जवळजवळ काही झालेलं नसतं. तिथे फायदा वेगळा असतो. पाण्यातून बाहेर काढायला कुत्रा पाय उंच उचलतो आणि सांधा जास्त वाकतो. तोही चांगला, फक्त काय करतो आहोत हे माहीत असावं.

दुसरं, पाण्याचा अडसर. हवेपेक्षा पाण्यात पाय पुढे न्यायला जास्त जोर लागतो, म्हणून थोड्या वेळात स्नायूला भरपूर काम होतं. तिसरी ऊब. आखडलेल्या सांध्याला २८ ते ३२ अंशांचं पाणी मानवतं.

मोठ्या केंद्रांत पाण्याखालचा ट्रेडमिल असतो : काचेची पेटी, खाली फिरता पट्टा, आणि पाण्याची पातळी हवी तशी वर-खाली. पोहण्यापेक्षा तो का बरा, तर पोहताना बरीच कुत्री पुढच्या पायांनी वल्ही मारतात आणि मागचे पाय नुसते लोंबत ठेवतात. मागच्या पायाच्या रोग्याला पोहायला सोडलं की तो आजारी पाय सोडून बाकी सगळ्यांचा व्यायाम करून येतो. शिवाय घाबरलेल्या कुत्र्याने पाण्यात झाडलेली लाथ नुकत्याच जोडलेल्या गुडघ्याला महागात पडते.

कुठलंही केंद्र निवडताना विचारा : माझ्या डॉक्टरांचे कागद बघता का? पाणी किती अंश? स्वच्छ कसं ठेवता? पाण्यात कुत्र्यासोबत माणूस उतरतो का? पहिल्या दिवशी किती मिनिटं? पहिल्याच दिवशी वीस मिनिटं म्हणाले, किंवा "टाकलं की पोहतंच" म्हणाले, तर चहाही न घेता परत या.

फुटाळा आणि अंबाझरी हे तलाव विसरा. काठ शेवाळलेला, खोली कुठे बदलेल नेम नाही, थंडीत पाणी गार, आणि त्या पाण्यातून कानाचे, कातडीचे आजार घरी येतात, लेप्टोस्पायरोसिसही येऊ शकतो. काकांना हे मी समजावलं नाही. त्यांनी लहानपणी तिथे म्हशी धुतल्या आहेत, त्यांच्याशी कोण वाद घालणार.

आमच्याकडे मागच्या अंगणात सिमेंटचं जुनं टाकं होतं, पाच फूट लांब, तीन फूट रुंद. त्यात पोहणं शक्य नाही आणि मला ते नकोच होतं. घासून धुतलं, तळाला रबरी मॅट, आत उतरायला सिमेंटच्या दोन ठोकळ्यांची पायरी, त्यावरही मॅट. दीड फूट पाणी भरलं की ते बर्फीच्या खुब्याला टेकायचं. एवढं पाणी होतं सव्वासहाशे लिटरच्या आसपास. फेब्रुवारीत सकाळी टाकीचं पाणी २० अंशांचं, ते २९ वर आणायला पंधरा लिटरचा गीझर नऊ-दहा वेळा रिकामा करावा लागला. पहिल्या दिवशी बादल्या वाहून मीच अर्धा बरा झालो. मग टाकं सकाळी भरून उन्हात सोडायचं आणि चार वाजता उतरायचं, असा शहाणपणा सुचला. बादलीत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. हाताचा अंदाज फसतो.

पहिल्या दिवशी रिकाम्या टाक्यात नेऊन गाजर खाऊ घाला, एवढंच. दुसऱ्या दिवशी घोटाभर पाणी. खुब्यापर्यंत जायला आम्हाला चार दिवस लागले. अंगात हार्नेस, पोटाखाली पंचा, मी पाण्यात, भाऊ काठावर. कुत्र्याला एकट्याला पाण्यात सोडायचं नाही, फोन घ्यायलाही बाहेर यायचं नाही.

आत काय करायचं? दोन मिनिटं उभं राहणं, तेच कमरेला हलकं ढकलणं, मग पाच फुटांत सावकाश पुढे-मागे. बाहेर, विश्रांती. पुन्हा दोन मिनिटं. असं तीनदा, आठवड्यातून दोन दिवस. मग आठवड्याला एखादं मिनिट वाढवत दहा-बारा मिनिटांपर्यंत. मान खाली जाणं, पुढच्या पायांनी पाण्यावर थापट्या मारणं, पाणी चावणं, हिरड्यांचा रंग बदलणं, यातलं काही दिसलं की लगेच बाहेर.

चौथ्या दिवशीचं सांगतो. बर्फी खुबाभर पाण्यात उभी होती. मी खाली हात घालून तिचा उजवा पंजा चाचपला. बोटं पसरलेली होती, चारही गाद्या मॅटला टेकलेल्या. जमिनीवर ती अजून बोटांच्या टोकांवरच उभी राहायची.

बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्याने अंग धुवा, बोटांच्या बेचक्या आणि कान कोरडे करा, वाऱ्यात बसवू नका. उरलेलं पाणी लगेच काढा, नाहीतर डेंग्यूचे डास त्यातच वाढतात. आमचं पाणी बादलीने जास्वंदीला आणि कडुनिंबाला जायचं.

मांजर असेल तर

मांजरं सहसा लंगडत नाहीत, ती उड्या मारायचं सोडतात. बारा वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा दहापैकी नऊ जणींच्या सांध्यांत झीज दिसली होती. खिडकीत चढणं बंद झालं, पाठीवरचे केस जटा धरू लागले, मातीच्या ट्रेबाहेर घाण व्हायला लागली, तर "म्हातारी झाली" म्हणून सोडून देऊ नका. ट्रेची एक कड कापून खाली करा, खिडकीपर्यंत स्टुलांच्या पायऱ्या लावा, दोरीमागे दिवसातून तीनदा दोन-दोन मिनिटं खेळवा. पाण्याचा हट्ट धरू नका. तुमच्याच हातांना टाके पडतील.

मागचे पाय गेलेले असतील तर

इथे घाई नको आणि आशाही लगेच सोडायची नाही. दर दोन-चार तासांनी कूस बदला, नाहीतर खुब्याच्या हाडावर जखमा होतात. लघवी आपोआप होत नसेल तर मूत्राशय दाबून रिकामं कसं करायचं ते डॉक्टरांकडून हातात हात घेऊन शिका. पंजा उलटा पडून घासत असेल तर मोजा घाला. पाइपची चाकगाडी वेल्डर करून देतो, पण मापं डॉक्टरांना दाखवून घ्या. चुकीच्या मापाची गाडी काखेत आणि जांघेत सोलते.

नागपूरचं हवामान धरून

थंडीत सकाळी सांधे सगळ्यात जास्त आखडलेले असतात. आधी शेक, मग पाच मिनिटं घरातच चालणं, आणि ऊन आल्यावर बाहेर. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा फिरणं साडेपाचला, ऊन चढायच्या आत. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर पंजालाही सोसत नाही. उन्हाळ्यात गीझर लागत नाही, उलटी अडचण होते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात धरवत नाही इतकं तापतं, म्हणून रात्री भरून ठेवलेलं पाणी सकाळी वापरा आणि थर्मामीटर ३२ च्या वर दिसला तर त्या दिवशी व्यायाम पाण्याबाहेर. गरम पाण्यात कुत्र्याचं अंग थंड व्हायला वावच राहत नाही. पावसाळ्यात अंगणातलं टाकं आम्ही बंद ठेवतो. अंग सुकत नाही, कातडी धरते. त्या चार महिन्यांत दांड्या व्हरांड्यात येतात आणि दाराशी दोन पायपुसणी जास्त पडतात, कारण ओल्या पंजाने फरशीवर पहिलं पाऊल टाकलं की बर्फी अजूनही घसरते.

मांड्यांमधला फरक जूनमध्ये एक सेंटिमीटरवर आला होता. वजन २९ किलो. टेप मात्र अजून खिळ्यालाच लटकते, रविवारी निघते.